चारात एक

आमच्या चिमणीला, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्रीला, एकदा पिल्लं होऊ द्यायची असं मी ठरवलं. (घरात मी ठरवलेल्या गोष्टी मोजक्याच. ही त्यातली शेवटची.) शेजारी भूपेंद्रभाईंचा शेरू होताच.

उधन्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "दोघांतही एकेक सदोष जनुक आहे. त्यांना स्वतःला त्रास नाही. पण पिल्लाला दोन्हीकडून तेच आलं तर स्नायू दुबळे पडतात. धोका चारात एक. ही जोडी लावू नका."

मी विमा कचेरीत कारकून. संभाव्यता हा शब्द माझ्या टेबलावरून रोज जातो. (जातो, थांबत नाही.) घरी येऊन कॅलेंडरच्या मागे चार चौकटी आखल्या; तीन निर्धोक, एकीवर फुली.

"चार झाली तर एकच आजारी. ते आपण ठेवू," मी बायकोला समजावलं.

"आणि पिल्लांनी तुमचा कागद वाचला नाही तर?" रंजना म्हणाली.

भूपेंद्रभाईंनी एवढंच विचारलं, "सो टका पाकुं ने?"

"शंभर टक्के पक्कं. गणित आहे," मी म्हणालो.

बरोबर चार पिल्लं झाली. त्यातलं एक किडकिडीत, दूध पितानाही मागे पडणारं. फुलीची चौकट भरली म्हणून मी ते ठेवून घेतलं. बाकीची तीन दोन महिन्यांनी दिली: एक भूपेंद्रभाईंना, एक आमच्या हेडक्लार्कना, एक कडोदऱ्याला मेहुणी माधवीच्या मुलीला, धनश्रीला.

महिन्याभरात माधवीचा फोन आला. "भाऊजी, याचे मागचे पाय लुळे पडतात. धनश्री पोटाखाली टॉवेल घालून चालवते त्याला."

पुढच्या आठवड्यात हेडक्लार्कचं पिल्लू जिन्यात बसलं ते उठेना. मग भूपेंद्रभाईंनी आपलं उचलून आणलं आणि माझ्या दारात ठेवलं. ते ठेवलं तसंच पडून राहिलं. आमचं किडकिडीत तेवढं चप्पल तोंडात धरून घरभर पळत होतं.

"चारात एक, हे दर पिल्लाला वेगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाला झालं म्हणून दुसरं सुटत नाही. आणि तुम्ही ठेवलंत त्याला फक्त जंत झाले होते."

धनश्रीच्या पिल्लाला पुढे गिळताही येईना. अन्न फुप्फुसात गेलं आणि पिल्लू दगावलं. मी कडोदऱ्याला गेलो. ती टॉवेलाची घडी घालत होती.

"मावसा, तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. तिने घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. नऊ वर्षांच्या पोरीला काय चौकटी दाखवायच्या?

घरी परतल्यावर रंजनाने चिमणीच्या नसबंदीचा दिवस ठरवला. मला विचारलं नाही, फक्त पिशवी धरायला सोबत नेलं. दवाखान्यात कंपाउंडरने रजिस्टर उघडलं आणि मान वर न करताच विचारलं, "ऑपरेशनला कोणाला आत घ्यायचं?"

रंजनाने माझ्याकडे पाहिलं.

"सध्या कुत्रीलाच घ्या," ती म्हणाली.