कोपऱ्यात दडलेल्या हरकाऱ्याची बखर

श्री. हाकेस ओ देणाऱ्या देवास नमन, आणि जे देत नाहीत त्यांचा वृत्तांत येणेप्रमाणे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मासी एका राज्यात धरणाचे ठाणे होते आणि तेथे सगुणाबाई तारू कारकुनीस होत्या. भोयाची लेक, बाप नावाडी. काम एकच की धरणाचे दार उघडण्यापूर्वी तासभर नदीकाठी इशारा धाडावा, कां की उन्हाळी पात्रातल्या वाळूत भोयांच्या कलिंगडांच्या वाड्या असत. पूर्वी बाई फोन करीत, पलीकडून नदीकाठचे वाडीवाले हैबतीकाका "हो गं बये" म्हणत आणि मग दार उघडे. परंतु सुभेदारांनी फर्मान काढिले की फोनास पुरावा नाही, इशारा संगणकावरूनच जावा. आणि विसोपंत नामे कारागिराने त्याकरिता 'हरकारा' नावाची प्रणाली रचिली. पंतांस नीटनेटकेपणाचा भारी शौक. म्हणोन त्यांनी ऐसे केले की चिन्हावर टिचकी मारिता हरकारा उघडावा खरा, पण पडद्यावर न येता खाली घड्याळाशेजारी, बारीक बाणाआड दडून बसावा. मुजरा नाही, चक्र फिरणे नाही, आलो म्हणणे नाही.

वैशाख शुद्ध नवमीस दुपारी दोनास पाणी सुटायचे होते. बाईंनी एक वाजता टिचकी मारिली आणि पडदा जैसा होता तैसाच राहिला. आता नदीकाठची रीत अशी की पैलतीराहून नावाडी ओ देईतो हाक मारीत राहावे. तेणेप्रमाणे बाईंनी पुन्हा मारिली, आणि पुन्हा, ऐशा अकरा वेळा. तिकडे बाणाआड अकरा हरकारे दाटीवाटीने बसले आणि संगणक गुदमरून मेला. मग बाईंनी पंतांच्या मदतकक्षास फोन लाविला तो अर्धा तास सनई ऐकविली. इकडे दारावरच्या माणसांस त्यांच्या पडद्यावर 'हरकारा चालू' इतके दिसले आणि त्यांनी दोनाच्या ठोक्यास दार उघडिले. शेवटी बाईंनी फर्मान खुंटीस टांगून काकांस फोन केला. काका इतकेच बोलले, "बये, आत्ता सांगतेस? कमरेएवढं आलंय." माणसे वाचली. चाळीस वाड्या, काकांचे पाणी ओढायचे इंजिन आणि वर्षाची कमाई वाहून गेली.

मग चौकशी बसली. पंत हसतमुखाने म्हणाले की प्रणाली उघडली होतीच, एकदा नव्हे, अकरा वेळा. बाईंनी बाण दाबून पाहिलाच नाही.

बाई म्हणाल्या, "पंत, तुमच्या दारात कुणी हाक मारली नि तुम्ही ओ न देता माळ्यावर जाऊन बसलात, तर तो काय समजंल? घरात कुणी न्हाई, असंच ना?"

"विषयाला धरून बोला," सुभेदार वदले.

पंतांनी स्वमुखे कबूल केले की 'उघडत आहे' एवढे दाखविणे अर्ध्या दिवसाचे काम, परंतु त्याने पडद्याची शोभा जाते. ती शोभा राखिली. बाईंस गोदामात धाडिले आणि त्यांच्या जागी भिंतीवर कागद चिकटविला, की टिचकी एकदाच मारावी, उघडले असे समजावे. भोयांनी भरपाई मागितली तेव्हा उत्तर आले की हरकारा अकरा वेळा उघडला म्हणजे इशारा अकरा वेळा निघाला अशी नोंद आहे, सबब अर्ज नामंजूर.

सारांश, हजर असून जो कळवीत नाही तो गैरहजरच. आणि ज्या राज्यात दडणारास शाबासकी व हाक मारणारीस शिक्षा, त्या राज्यात धरणाखाली कोणी काही पेरू नये. जैसे घडले तैसे लिहिले, कोणास झोंबले तर झोंबो.