पारोसा मजकूर

आमचे प्रधान काका कुणाचाही मजकूर पारोसा घेत नाहीत.

मेलमधलं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचं कुणी सरळ उचलून वर्डमध्ये चिकटवलं की अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या सोसायटीत गर्जना होते, "आधी आंघोळ!" म्हणजे मजकूर प्रथम नोटपॅडमध्ये टाकायचा. तिथे फॉन्ट, रंग, ठळकपणा, सगळा मळ निघतो. मग ते उघडंबोडकं लेकरू वर्डमध्ये न्यायचं आणि नवे कपडे चढवायचे.

काका कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. लग्नपत्रिका हातात आली की वधूवर राहतात बाजूला, आधी "ही डबल स्पेस कुणी दिली?" पत्रिका द्यायला आलेले लोक चहाही न घेता पळतात.

एकदा सेक्रेटरींनी सभेची नोटीस थेट मेलमधून चिकटवली. ओळी घसरल्या आणि 'भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त' या विषयाखाली अध्यक्षांचं नाव येऊन बसलं. काका ती नोटीस पाहुण्यांनाही दाखवायचे. इतका आनंद त्यांना नातू झाल्यावरही झाला नव्हता.

मग तळमजल्यावरचे मोतीराम अंकल गेले. उल्हासनगरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. प्रार्थनासभेची सूचना मुलीनं दुबईहून मेल केली. काकांनी ती रीतसर धुतली, प्रिंट काढली आणि मला घेऊन त्यांच्या बायकोकडे, आंटींकडे गेले.

आंटींनी कागद खालीवर पाहिला. "इनका नाम किधर है?"

"आहे ना, तिसऱ्या ओळीत. एकदम क्लीन."

"इतना छोटा? बेटी ने तो बड़ा लिखा था, नीले रंग में." त्या थांबल्या. "दुकान के बोर्ड पे रोड से दिखता था."

काका उठले. घरून लॅपटॉप घेऊन आले आणि आंटींच्या शेजारी बसले.

"भाभी, बोलो. कितना बड़ा?"

"थोड़ा और... और."

नाव तुटून खालच्या ओळीत गेलं. एरवी काकांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी मुकाट्यानं पान आडवं केलं, नाव निळं केलं. वार, वेळ, पत्ता, सगळं तळाशी कोपऱ्यात गेलं.

लिफ्टजवळ कागद त्यांनी स्वतः चिकटवला, मला तिथेच उभं केलं आणि पाय ओढत गेटपर्यंत गेले. वळून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले.

"दिसतंय रे," ते तिथूनच ओरडले. "भाभींना सांग, रस्त्यावरून दिसतंय."