पालीचं पुढे काय झालं?

घड्याळावर पाल.

सर पाणी पितात.

बाटलीचं झाकण टेबलाखाली गेलं.

पाल ट्यूबलाइटकडे सरकली. सर पुन्हा पाणी पितात.

हा चारकोपच्या एका क्लासचा ‘मानवी हृदय’ नावाचा व्हिडिओ. ज्या मुलांना दिसत नाही, त्यांना पडद्यावर काय चाललंय ते बोलून सांगायचं, हे ऋतिकाचं काम. नियम एकच. शिकवणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही. तो थांबला की सांगून घ्यायचं. आणि विद्याधर सर थांबायचे ते फक्त पाणी प्यायला. त्यामुळे ऋतिकाच्या वाट्याला आलं पाणी, आणि पाल.

सुलक्षणाला जन्मापासून दिसत नव्हतं. सोमवारी तिचा जीवशास्त्राचा पेपर. व्हिडिओ ऐकून तिने ऋतिकाला फोन लावला.

"ताई, पालीचं पुढे काय झालं गं?"

"पेपर पालीवर आहे का तुझा?"

"मग हृदय कुठंय? सर म्हणतात, हे इकडून असं येतं आणि तिकडून तसं जातं. रक्त आहे की रिक्षा? सोमवारी माझी वाट लागणार!"

ऋतिका सरांकडे धावली. "सर, मध्ये मध्ये जरा थांबा ना."

"थांबलो की मुलं हातातून सुटतात."

शेवटी तिने सुलक्षणालाच पहिल्या बाकावर बसवलं आणि शूटिंग पुन्हा लावलं.

"तर हे इकडून..."

"इकडून म्हणजे कुठून, सर?"

"उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून."

"जातं कुठे?"

"फुप्फुसांत. शुद्ध व्हायला."

"आणि तसं म्हणजे कसं?"

सरांना घाम फुटला. पण तास संपेपर्यंत गडी असा तयार झाला, की झाकण निसटताच म्हणाला, "झाकण पडलं. माझ्या डाव्या पायापाशी." मग ऋतिकाला संधी म्हणून सर चक्क थांबले. ऋतिकाकडे सांगायला काही उरलंच नव्हतं.

"बोला की, मॅडम!"

"पाल..." ती चाचरली, "गेली."

"अरेरे!" सुलक्षणा हळहळली.

मागच्या बाकावरून मिथुन ओरडला, "सर, हृदय आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं!"

"तुला तर दिसतं ना रे?" ऋतिकाने विचारलं.



सोमवारी सुलक्षणाने हृदय झकास सोडवलं. मिथुननेही.

जुन्या व्हिडिओत पहिल्यापासून शेवटपर्यंत फळ्यावरच्या आकृतीसमोर सरांची पाठ होती.