या ना, घर तुमचंच आहे!

रिफअतनं विम्याची कचेरी सोडून मास्तर व्हायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या तांता शहरात त्याच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे खुद्द रिफअत. चाळिशी उलटल्यावर त्यानं पोरासोरांच्या बाकावर बसून शिक्षकाची पदविका काढली, आणि ‘गणित काय, डाव्या हातचा मळ!’ म्हणत इजिप्त सोडून ओमानमधल्या बहला गावच्या शाळेत दाखल झाला. बायको सुहैर मागाहून आली, मसूर, मॅकरोनी आणि शंका यांची पोती घेऊन.

नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की परत पाठवायचं, हे हेडमास्तर हमूदसाहेब रविवारी ठरवणार होते. परत म्हणजे त्याच कचेरीत, मेहुण्याच्या हाताखाली. (खुर्ची झाडून ठेवल्याचं मेहुण्यानं आवर्जून फोन करून कळवलं होतं.) हमूदसाहेब त्याचा तास बघायला आले, त्या दिवशी रिफअत घाबरून फळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं तासभर फळ्यालाच गणित शिकवलं. पण थोर माणसांची सुरुवात अशीच होते, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

गुरुवारी पालकांची सभा झाली. खल्फान नावाचा एक धिप्पाड बाप पुढे आला.

“उस्ताद, काय जादू केलीत? आमचा पोरगा हल्ली जेवताना पाढे म्हणतो!”

रिफअतला स्वर्ग दोन बोटं उरला. “अहो, मग आमच्याकडेच या ना जेवायला! घर तुमचंच आहे!”

आता तांतामध्ये हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. न्हावी दाढी करून ‘पैसे राहू द्या’ म्हणतो, टॅक्सीवाला ‘भाड्याचं काय एवढं’ म्हणतो. ऐकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून ‘अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो’ म्हणायचं आणि मुकाट्यानं पैसे द्यायचे. बोलणाराही मोकळा, ऐकणाराही मोकळा.

खल्फान म्हणाला, “कधी येऊ?”

काय रसिक माणूस आहे, रिफअतला वाटलं. सौजन्याला सौजन्यानं उत्तर! “उद्याच! शुक्रवारच्या नमाजानंतर!”

“आम्ही सगळे?” खल्फाननं मागे उभ्या बापांकडे बघितलं.

“एक जरी मागे राहिला, तरी मला वाईट वाटेल!”

घरी जाऊन त्यानं सुहैरला यातलं काही सांगितलं नाही. माणूस बाहेर शिंकला, तर ते घरी येऊन सांगतो का?

शुक्रवारी दुपारी रिफअत पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात लोळत असताना दारात गाड्या थांबायला लागल्या. त्यानं खिडकीतून डोकावलं. पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशा घातलेले पुरुष ओळीनं उतरत होते.

“सुहैर, गल्लीत कुणाकडे तरी मयत झालेली दिसते.”

सुहैरनं डोकावलं. “अहो, मयतवाले आपलाच जिना चढतायत.”

दार उघडलं तर खल्फान हलव्याचा डबा घेऊन हजर. मागे सगळे बाप, आणि सगळ्यात शेवटी, हातातली काठी टेकत, हमूदसाहेब! रिफअतच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुण्यांना गालिच्यावर बसवून, खजूर आणि अरबी कॉफी, म्हणजे कहवा, पुढे ठेवून तो स्वयंपाकघरात धावला.

“एवढे लोक बोलावलेत, आणि मला पत्ता नाही?”

“बोलावलं नाही गं, नुसतं म्हटलं!”

“मग जा, सांगा त्यांना तसं.”

“आणि रविवारनंतर मेहुण्यापुढे उभा राहू? सुहैर, काहीतरी कर, पाया पडतो!”

“घरात एक कोंबडी आहे, तीही माझ्यासारखी वाळलेली. कोशरी करते. मसूर, भात, मॅकरोनी, वर तळलेला कांदा. तासभर अडकवून ठेवा त्यांना.”

“पाहुण्यांना बिनमटणाचं? हातगाडीवरचं खाणं?”

“मग तुम्हाला कापून घालू?”

बाहेर पाहुणे रिकामे पेले हलवून ‘कहवा पुरे’ म्हणत होते. म्हणजे आता जेवण हवं. रिफअतनं खजुराचं ताट ओढलं आणि देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं.

“खल्फानभाई, यातला पाव भाग तुमचा. उरलेल्याचा तिसरा हिस्सा या शेजाऱ्यांचा. जास्त कुणाला?”

“त्यालाच! तिसरा हिस्सा मोठा,” खल्फान म्हणाला.

“वा रे वा!” शेजारी उसळला. “तो उरलेल्याचा! म्हणजे मी बुडालो!”

झालं! दाढीवाले बाप गुडघ्यांवर येऊन गालिच्यावर खजूर मांडायला लागले. अर्धे इकडून ओरडतायत, अर्धे तिकडून. वाटे बरोब्बर जुळणार, तेवढ्यात एक खजूर कमी.

“कुणी खाल्ला?” रिफअत गरजला. “गणित सुटल्याशिवाय कुणी तोंड हलवायचं नाही!”

सगळ्या दाढ्या जागच्या जागी थांबल्या. हमूदसाहेबांनी गालातली बी हळूच मुठीत घेतली. नवा खजूर भरीला घालून पुन्हा मांडणी झाली, दोघांचे वाटे सारखेच निघाले, आणि खल्फाननं अशी मांडी थोपटली की पेले उडाले.

तेवढ्यात कोशरीचं भलंमोठं ताट आलं. खल्फाननं ढीग उकरून पाहिला. “मटण खाली आहे का?”

“खात राहा, सापडेल!” सुहैरनं दाराआडून सांगितलं.

ताटाचा तळ दिसला, तोवर मटणाची आठवण कुणालाच उरली नव्हती.

रविवारी हमूदसाहेबांनी रिफअतला बोलावलं. “त्या दिवशी वर्गात तुम्ही फळ्याला शिकवत होतात, उस्ताद. परवा माणसांना शिकवलंत. तुम्हाला कायम करतोय.”

त्यांनी पेन उचललं. विमा सुटला, मेहुणा सुटला, आपण खरेखुरे मास्तर झालो! आणि त्या आनंदात रिफअतची जीभ पुन्हा सुटली.

“साहेब, पगाराचं मनावर घेऊ नका! तुमच्या शाळेत मी फुकट शिकवीन!”

पेन थांबलं. हमूदसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मी कैरोत शिकलोय, उस्ताद. तिथं रोज कुणी ना कुणी जेवायला बोलवायचं, आणि मी रोज खाणावळीत जेवायचो. तेव्हा आधीच विचारून घेतो. हे तुमच्या रीतीनं म्हणालात, की आमच्या?”

“आमच्या, साहेब! आमच्या तांताच्या!” रिफअत असा किंचाळला, की शेजारच्या वर्गातला तास थांबला आणि तिथले मास्तर खडू घेऊन धावत आले.