जीप आली की मौन

आमच्या आंजी गावाकडे सोमवारी मौन पाळणारे पुष्कळ होते. डोमाजी गुरुजींचं मौन मात्र वाराला बांधलेलं नव्हतं, जीपला बांधलेलं होतं. रस्त्यावर जीपची घरघर आली की ते बाराखडी मधेच सोडून ओठ मिटत आणि पाटीवर लिहीत, 'मौन'. पोरं 'की'वर अडकून बसायची. मी शाळेतला दुसरा मास्तर. मग मीच पलीकडच्या वर्गातून जाऊन 'कु' सुरू करायचो.

कारण साधं होतं. गुरुजींनी खरं बोलण्याचं व्रत घेतलेलं, आणि जीपमधले शिकारी नागपूरहून एकच प्रश्न घेऊन यायचे: माळढोक कुठे आहे? शाळेमागच्या कुरणात दर पावसाळ्यात एक मादी अंडं घालायला यायची. खरं सांगावं तर तिचा जीव जाणार, खोटं सांगावं तर व्रत मोडणार. म्हणून पाटी.

त्या पाखराचं शास्त्र ते भेटेल त्याला ऐकवत. "सालभरात एकच अंडं, बाप्पा! तेबी उघड्या भुईवर. कोंबडी हासन तिले!" कुरणात ती बसे त्या कोपऱ्यात ते गुराख्यांना ढोरं नेऊ देत नसत आणि स्वतःही लांब बाभळीखाली बसून राहत. "जवळ गेलं का अंडं सोडून उडते. मंग कावळे हायेतच." बायको वारल्यापासून घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. मादी दिसली की मात्र "आली बरं का!" म्हणत माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे.

एका वर्षी घात झाला. शिकाऱ्यांची जीप वाटेत बंद पडली आणि बैल जुंपून ती गावात आणावी लागली. घरघर नाही, म्हणून मौन नाही. गुरुजी फाटकाशी मला सांगत होते, "काल अंडं घातलं तिनं," तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्टरजी, माळढोक किधर बैठता है?"

तोंड उघडंच होतं.

"मेली," गुरुजी म्हणाले. "गेल्या हप्त्यात मेली."

शिकारी हळहळले आणि बैलांमागून निघून गेले. गुरुजी तीन दिवस उपाशी राहिले. महिन्याभरानं गवतात पिल्लू हललं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

पुढच्या पावसाळ्यात मादी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी म्हणे दुसरीकडे मारली, कुणी म्हणे अर्धं कुरण नांगरलं म्हणून आली नाही. गुरुजींना काहीच पटेना.

"जल्मात एकडाव खोटं बोललो, बाप्पा," ते मला म्हणाले, "अन् तेच खरं झालं."

मला फार वाईट वाटलं.

आता जीपची घरघर आली की गुरुजी पाटी घेत नाहीत. बाराखडी तशीच टाकून, धोतर सावरत रस्त्यावर धावतात, हात आडवा करून जीप थांबवतात.

"तवा मी खोटं बोललो होतो, भाऊ. मेली नव्हती. तुमाले कुठं दिसली काय?"