चोचीला हळदी-कुंकू

"हळदी-कुंकू शंभर टक्के दिसणार. लिहून देतो," सलिल फोनवर म्हणाला, आणि पुण्याच्या अपूर्वाताईंनी ते खरोखरच लिहून मागितलं. सलिलने व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं. खाली बदकाचं चित्रही टाकलं.

कोकणातल्या हातखंब्यापासून चार किलोमीटर आत, सलिलच्या घरामागे कातळात एक तळं होतं. त्यात तीन वर्षं रानबदकांची एक जोडी मुक्काम ठोकून होती. अंग तपकिरी, चोच काळी, चोचीचं टोक हळदीने माखल्यासारखं पिवळं आणि मुळाशी, कपाळाला लागून, कुंकवाचे दोन लाल ठिपके. म्हणून नाव हळदी-कुंकू बदक. एवढ्या भांडवलावर सलिलने मुंबईची नोकरी सोडली होती आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांना 'पाणपक्षी होमस्टे' अशी पाटी ठोकली होती.

त्याचे वडील हरिहरपंत, म्हणजे अण्णा, यांना तळं बुजवून तिथे काजूची शेड घालायची होती. चिऱ्यांचा ट्रकसुद्धा सांगून ठेवला होता.

"बदकं बघायला माणसं येणार? मग गाढव बघायला का नाही यायची? तुझ्यापासूनच सुरुवात करू."

शेवटी सलिलच्या आईने, आनंदीबाईंनी, तोडगा काढला. पहिला पाहुणा खूश होऊन वहीत तसं लिहून गेला, तर तळं राहील. नाही तर सोमवारी भराव. अण्णांनी मान्य केलं, पण 'हळदी-कुंकू' हे नाव त्यांना काही पटेना.

"ह्यात नर कुठला नि मादी कुठली?"

"दोघं सारखीच दिसतात, अण्णा."

"म्हणजे नरालाही कुंकू?"

"चांगलं आहे की," आतून आनंदीबाई म्हणाल्या. "आमच्यात मेलं सगळं एकटीनंच मिरवायचं."

अण्णा विरोधी पक्षात असले तरी घराण्याच्या अब्रूला जपणारे होते. पाहुणीने पाण्याला नाक मुरडू नये म्हणून शुक्रवारी त्यांनी कुणालाही न विचारता तळ्यात दोन पोती चुना ओतला. पहिलं पोतं पाण्यात पडताच बदकांची जोडी जयगडच्या दिशेने उडाली.

"अण्णा, बदकं गेली."

"येतील. नोकरीला का लागलीत कुठे?"

शनिवारी सकाळपर्यंत ती आली नाहीत. पाहुणी चारला यायची होती. मग सलिलला खालच्या वाडीतली काशी आठवली. तिच्याकडे सहा पाळीव बदकं होती, आणि देवाच्या कृपेने तीही तपकिरी.

"बदकां कनाला रं?" काशीने विचारलं.

"तळ्यात सोडायला. आजच्यापुरती."

"त्यांना हिकडं काय पानी नाय?"

"काशी, माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"ने. पन सांजच्याला मी हाक मारून नेनार. माझ्या हाकेबिगर ती घरात शिरत नायत."

सहाही बदकं टोपलीतून परसात आली. अंगाने ती ठीक होती, पण चोची अगदीच कोऱ्या. सलिल देवघरातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन निघाला तोच आनंदीबाई आडव्या आल्या.

"कुणाला लावतोयस?"

"बदकांना."

"सवाष्णी आहेत का?"

"आई, वेळ नाहीये गं."

"मग आण तो करंडा इकडे. तू नुसती बदकं धर."

खोबरेल तेलात कालवलेली हळद टोकाला आणि कुंकू मुळाशी, अशी आनंदीबाईंनी सहा चोची पंधरा मिनिटांत उरकली. आयुष्यभराचा सराव होता. तिसऱ्या बदकाच्या हातावर, म्हणजे हात जिथे असता तिथे, त्यांनी सवयीने चिमूटभर साखरही ठेवली. बदकाने ती मुकाट्याने खाल्ली. लांबून बघितलं तर पुस्तकातलं चित्र जिवंत झाल्यासारखं वाटत होतं. सलिलने बदकं तळ्यात सोडली आणि आंघोळीला गेला.

हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सलिल केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला होता.

चारला अपूर्वाताई आल्या. गळ्यात दुधी भोपळ्याएवढी लेन्स, अंगावर सोळा खिशांचं जाकीट. कोकणातला चहा पुण्यासारखा नसतो, एवढं सांगून त्यांनी चहा संपवला आणि त्या तळ्याकडे निघाल्या. काठावर बसून त्यांनी डोळ्याला कॅमेरा लावला. मग काढला. मग पुन्हा लावला.

"ही हळदी-कुंकू नव्हेत."

सलिलला एकदम चिऱ्यांचा ट्रक दिसायला लागला. "नाही म्हणजे, ताई, ती जरा..."

"नव्हेतच. हळदी-कुंकू, ज्याला धनवरही म्हणतात, त्याच्या चोचीचं टोक पिवळं असतं. इथे पिवळं कुठाय? शेंड्यापासून बुडापर्यंत लाल आहे सगळं. सलिल, तुमच्या तळ्यात काय आहे, तुम्हाला कळतंय का?"

"नाही," सलिल म्हणाला. पाहुणीशी बोललेलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य होतं.

"बावीस वर्षं पक्षी बघतेय मी. लाल चोचीचं असलं बदक कुठल्याच पुस्तकात नाहीये. हलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या. फार बुजरे पक्षी आहेत हे."

बुजऱ्या पक्ष्यांपैकी एक तेवढ्यात पाण्याबाहेर येऊन साखरेच्या आशेने सलिलच्या चपलेला चोच मारू लागला. "जिज्ञासू," अपूर्वाताई पुटपुटल्या आणि त्यांनी तेही वहीत टिपलं.

आणि नेमकी त्याच वेळी जयगडकडची जोडी परत आली. डौलात घिरटी घालून पाण्यात उतरली. टोकाला हळद, मुळाशी कुंकू, सगळं जागच्या जागी.

"अहो, ही साधी बदकं कुठून तडमडली मध्येच? हाकला त्यांना. माझ्या फोटोत येतायत."

"ताई, पण तीच तर..."

"सलिल. हाकला."

सलिलने माडाची झावळी उचलली आणि तीन वर्षांचं भांडवल स्वतःच्या हाताने हाकलून लावलं. मागच्या दारात अण्णा उभे होते.

"ती आपलीच ना रे?"

"हो."

"मग ही कुणाची?"

"काशीची."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि आतून खुर्ची आणून बसले.

ऊन उतरल्यावर काशी आली. तळ्याच्या काठावरून तिने "या या या, तित्तित्ती" अशी हाक दिली. सहाही बदकं पाण्याबाहेर आली आणि एका रांगेत तिच्या मागून चालू लागली. अपूर्वाताईंचे डोळे भरून आले.

"रानातली पाखरं माणसाच्या हाकेला येतात. हे आम्ही शहरात घालवून बसलोय हो."

"ही बया रडते कनाला?" काशी सलिलला म्हणाली. मग एक बदक काखेत धरून तिने पदराने त्याची चोच पुसली. "आनि ह्ये लाल कुनी लावलान रं?"

"काय म्हणतायत त्या?" अपूर्वाताईंनी विचारलं.

"म्हणतायत, पाखरं आमच्या घरचीच आहेत."

"बघा," अपूर्वाताई म्हणाल्या आणि नाक पुसायला त्यांनी अकरावा खिसा उघडला.

रविवारी निघताना त्यांनी वहीत दोन पानं लिहिली. अण्णांनी ती चष्मा लावून मोठ्याने वाचली. 'अविस्मरणीय' हा शब्द तीनदा आला होता. दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी चिऱ्यांचा ट्रक फोन करून रद्द केला. तळं वाचलं. दुपारपर्यंत अपूर्वाताईंचे फोटो या फोनवरून त्या फोनवर पसरले आणि पुढचा शनिवार भरून गेला. अण्णांनी बुकिंग केलेल्यांची नावं वाचली आणि त्यांना काजूचा कायमचा विसर पडला.

"आता तू मध्ये पडू नकोस," ते सलिलला म्हणाले. "तळं मी असं करून देतो की पुणेकर बघत राहतील."

सोमवारी सकाळी वाडीतला बाबल्या त्याचं पोकलेन घेऊन आला. तळ्यातला तीस वर्षांचा गाळ काढायचा, तळ दिसेल असं नितळ पाणी करायचं, असा अण्णांचा हुकूम होता. निम्मं काम झाल्यावर बाबल्याने मशीन थांबवलं.

"अण्णा, खालचा गाळ राहू दे. त्याच्याखाली कातळाला भेगा हायत."

"साठ वर्षं ह्या कातळावर राहतोय मी. तू मला कातळ शिकवणार?"

बाबल्याने शिकवला नाही. एक वाजता काम संपलं. गढूळ खाली बसलं, तळाचा तांबडा जांभा लख्ख दिसू लागला, आणि अण्णांनी आनंदीबाईंना हात धरून बघायला आणलं. अडीचला शनिवारच्या एका पाहुण्याचा फोन आला. पोहायचे कपडे आणायचे का, असं तो विचारत होता. अण्णांनी सगळ्यांसाठी आणा म्हणून सांगितलं.

साडेतीनला तळं कोरडं झालं.