डब्यातली भुकटी

संस्कृतीने फळीवरचा स्टीलचा डबा उघडला. डबा रिकामा होता. उद्या, सोमवारी, वाशीमच्या कॉलेजात जांभळाच्या बियांची भुकटी द्यायची होती. तिच्यातली फिनॉल नावाची तुरट द्रव्यं रक्तातली साखर उतरवतात का, हाच तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प. जांभळं जूनमध्येच संपलेली. आता सप्टेंबरात बिया आणायच्या कुठून?

"बाबा, डब्यातली भुकटी कुठी गेली?"

"गावात वाटली!" ओसरीवर बसलेले इंद्रभान अभिमानाने म्हणाले. "दोन महिने रोज चमचाभर घेऊन राह्यलो. शुगर दोनशे ऐंशीवरून दीडशेवर आली. मंग गावाले नोको देऊ का?"

"अहो, ती तपासाले ठेवली होती! तिचा गुण येते का नाई, तेच ठरलं नाई अजून!"

"तुयं ठरन तवा ठरन. मायं ठरलं."

बाबांनी गोळ्या सोडल्या नव्हत्या, एवढंच नशीब. संस्कृती पिशवी घेऊन मेडशी गावात घरोघर भुकटी गोळा करायला निघाली.

"लय तुरट लागे व पोरी," जगदेवकाका म्हणाले, "म्हून गुळात लाडू वळले. रोज दोन खातो."

"काका, शुगरवर गूळ?"

"आतमंदी औषध हाये नं!"

सोनीबाईंनी आपला वाटा म्हशीला चारला होता.

"तिले शुगर हाये का, काकू?"

"चारा खाये नाई बिचारी. औषध कोणतं का असेना, म्हटलं!"

ग्यानबांनी तर आपली पुडी शिरपूरच्या व्याह्यांना आहेरात दिली होती. बरं, चहा घेतल्याशिवाय कोणी उठू देईना. रिकामी पिशवी आणि पोटात पाकासारखा गोड तीन कप चहा घेऊन संस्कृती घरी आली आणि चुलीपाशी बसून चक्क रडली. सगळं वर्ष हातचं गेलं होतं.

तेवढ्यात तिची आई, गोजराबाई, वावरातून आल्या. पोरीचं रडगाणं ऐकून त्यांनी तुरीच्या कोठीत हात घातला आणि एक बांधलेली पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे घे तुयी भुकटी. तुया बाप डबा उघडन, हे का मले ठाऊक नोहतं?"

"मंग डब्यात काय होतं?"

"मायं दंतमंजन. बाभळीच्या सालीचं."

संस्कृतीचं रडणं थांबलं. "मंग बाबाची शुगर कशी उतरली?"

"तोंड असं तुरट होये का त्याईले चहा गोडच लागे नाई. पयले दिवसाले दहा कप पेत. चहा सुटला, तं समजलं बी नाई त्याईले."

ओसरीवरून हाक आली, "गोजरा, भुकटी तं संपली. आता चहाच मांड!"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. भुकटीचा गुण अजून ठरलाच नाही म्हणून ओरडणारी संस्कृती उठली, आईच्या मंजनाची बरणी रिकाम्या डब्यात ओतली आणि चमचा घेऊन धावली.

"थांबा बाबा, थोडी उरली हाये!"

चमचा तिनं चांगला शिगोशीग भरला होता.